आइसलँडचा महिला फुटबॉल संघ: पहिल्या अकरा जणी आणि त्यांच्यामागच्या

विचारलेला प्रश्न असा आहे: आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत, म्हणजे गोव्याच्या सुमारे पाव, तरीही तिथला महिला फुटबॉल संघ २००९ पासून २०२५ पर्यंतच्या पाचही युरोपीय अजिंक्यपद स्पर्धांच्या मुख्य फेरीत खेळला. हे कसे साधते, त्यात तिथल्या स्त्री-पुरुष समानतेचा वाटा किती, आणि एवढे असूनही हा संघ विश्वचषकाला एकदाही का पोहोचला नाही?

मुलींच्या वयोगट संघांना शिकवणे हेच माझे काम असल्यामुळे या संघाकडे मी चमत्कार म्हणून पाहत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. आइसलँडने लहान वयातल्या प्रशिक्षणावर आणि बंदिस्त मैदानांवर पैसा घातला, त्यातून कोणत्याही मध्यम आकाराच्या देशाला हेवा वाटावा अशा पहिल्या अकरा जणी तयार झाल्या; पण सोळावी, अठरावी, विसावी खेळाडू घडवायला जी संख्या लागते, ती चार लाखांच्या देशात नसते. या संघाचे मोठे विजय आणि शेवटच्या मिनिटांत हातचे निसटलेले सामने यांपैकी बहुतेकांचा उलगडा या एका गोष्टीतून होतो.

समानतेचा मुद्दा प्रथम घेऊ, कारण बहुतेक लेखांत तो सर्वात वर असतो. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडमधल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांनी घरचे आणि बाहेरचे काम बंद ठेवले. १९८० मध्ये विग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. हे सारे खरे आहे. परंतु त्याच काळात राष्ट्रीय महिला संघाचे काय चालले होते, हे पाहिले की ते सोपे उत्तर पुरेसे वाटत नाही. देशांतर्गत महिला लीग १९७२ मध्ये सुरू झाली होती. राष्ट्रीय संघाचा पहिला सामना मात्र २० सप्टेंबर १९८१ रोजी स्कॉटलंडमधल्या किल्मार्नक इथे झाला आणि तो आइसलँडने ३-२ असा गमावला. १९८४ च्या पहिल्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत संघ उतरला, आणि त्यानंतरच्या १९८७, १९८९ आणि १९९१ या तिन्ही स्पर्धांसाठी त्याने प्रवेशच घेतला नाही. राष्ट्राध्यक्षपदी स्त्री होती आणि महिला संघ गुंडाळून ठेवलेला होता. १९९३ च्या पात्रता फेरीत तो परतला आणि पुढच्याच खेपेला, १९९५ च्या स्पर्धेच्या वेळी, युरोपातल्या शेवटच्या आठ संघांत पोहोचला. तिथे इंग्लंडने दोन्ही सामने २-१ असे जिंकले. याचा अर्थ खेळणाऱ्या मुली होत्याच, त्यांना खेळवण्याचा निर्णय होत नव्हता. सामाजिक वातावरण अनुकूल असले तरी वेळापत्रक, प्रवासखर्च आणि प्रशिक्षक यांची तरतूद कुणीतरी करावी लागते. वातावरण ती आपोआप करत नाही.

खरा बदल २००० नंतरचा आहे, आणि तो आधी छपराचा आहे. रेक्याविकमध्ये डिसेंबरात जेमतेम चार तास उजेड असतो, वारा असा की उंच मारलेला चेंडू कुठे पडेल याचा भरवसा नसतो, आणि गवताचे मैदान वर्षातले काही महिनेच वापरता येते. पूर्वी हिवाळ्यात मुले-मुली शाळेच्या व्यायामशाळेत लाकडी फरशीवर पाच-पाच जणांचे फुटबॉल खेळत. २००० मध्ये केप्लाविकजवळ पूर्ण आकाराचे पहिले बंदिस्त मैदान उभे राहिले, पाठोपाठ कोपावोगुर, रेक्याविक, आकुरेरी इथे तशीच मैदाने झाली. ती मुख्यतः नगरपालिकांनी बांधली, आणि त्यातली मेख अशी की नगरपालिकेची जागा असल्यामुळे क्लबच्या मुलांना आणि मुलींना तिच्यावरचे तास वाटून द्यावे लागतात. याच्या जोडीला शाळांच्या आवारात कृत्रिम गवताची छोटी मैदाने शंभरहून अधिक ठिकाणी झाली.

छप्पर डोळ्यांत भरते, म्हणून परदेशी पाहुणे त्याचीच छायाचित्रे काढतात. माझ्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट वेगळी आहे: तिथे सहा-सात वर्षांच्या मुलींना शिकवणारी व्यक्ती बहुधा मानधन घेणारी आणि प्रशिक्षण परवाना असलेली असते. आइसलँडच्या फुटबॉल संघटनेने या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपीय महासंघाचे ‘बी’ आणि ‘ए’ परवान्याचे वर्ग देशातच भरवले आणि शेकडो प्रशिक्षक तयार केले. आपल्याकडे, आणि युरोपातल्या अनेक मोठ्या देशांतही, सर्वात अनुभवी प्रशिक्षक वरच्या वयोगटाला मिळतो आणि लहानग्यांना कुणाचे तरी हौशी वडील मिळतात. आइसलँडने हा क्रम निदान अर्ध्यावर तरी उलटवला. याचा परिणाम खेळात कुठे दिसतो, ते सांगतो. चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे एकदा पाहून घेणे, आणि तो दूरच्या पायावर घेऊन शरीर आधीच मोकळ्या बाजूला वळवणे, ही सवय आठ ते बारा या वयात सहज लागते. सोळाव्या वर्षी ती शिकवायला गेले तर मुलगी सरावात करते आणि सामन्यात विसरते. आइसलँडच्या बचावपटूंचा पहिला स्पर्श पाहा. तंत्राची चमक त्यात क्वचितच असते, पण पाठीमागे कोण आहे हे त्यांना ठाऊक असते.

या प्रशिक्षक घडवणाऱ्या यंत्रणेचा आणि महिला संघाचा संबंध थेट आहे. २००७ ते २०१३ या काळात महिला संघाचे प्रशिक्षक असलेले सिगुर्दुर राग्नार एयोल्फसन हे संघटनेच्या प्रशिक्षक-शिक्षणाचेही प्रमुख होते. त्यांच्यानंतरचे फ्रेयर अलेक्सांदर्सन पूर्वी वालुर क्लबच्या महिला संघाचे प्रशिक्षक होते, आणि २०२१ मध्ये आलेले थोर्स्टेइन हाल्दोर्सन यांनी ब्रेइदाब्लिकच्या महिलांना लीग जिंकून दिली होती. महिला फुटबॉल ज्यांनी रोज हाताळले आहे, अशांकडेच संघ बहुतेक वेळा गेला. पुरुषांच्या संघातून बाजूला पडलेल्या माणसाला महिला संघावर ‘बसवण्याची’ पद्धत ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना यातला फरक सांगायला नको.

लहान देशाचा एक फायदा मोठे देश विकत घेऊ शकत नाहीत: गुणी मुलगी नजरेतून सुटत नाही. कोपावोगुरमध्ये १९८५ पासून उन्हाळ्यात लहान मुलींची मोठी स्पर्धा भरते, तिला देशभरातून मुली येतात. वेस्टमान बेटांवर साधारण साडेचार हजार वस्ती आहे. तिथल्या मार्ग्रेत लारा विदार्सदोत्तिर यांनी राष्ट्रीय संघासाठी १२४ सामन्यांत ७९ गोल केले. दुसरा फायदा असा की क्लबांनाच खेळाडू कमी पडत असल्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुली मोठ्यांच्या लीगमध्ये उतरतात. मार्ग्रेत लारा आणि सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिर या दोघींनीही सोळाव्या वर्षी राष्ट्रीय संघात पदार्पण केले, ग्लोदिस पेर्ला विगोसदोत्तिर यांनी सतराव्या. मोठ्या देशांत त्या वयाची मुलगी बहुधा अजून वयोगट संघांतच खेळत असते. अर्थात कोवळ्या गुडघ्यांवर प्रौढांचा भार लवकर पडतो, आणि हा फायदा फुकटचा नाही, हेही नोंदवले पाहिजे.

आता संख्येचा हिशेब पाहू. वरच्या लीगमध्ये दहा संघ आहेत. प्रत्येकी वीस-बावीस जणी धरल्या तर दोनशेच्या वर खेळाडू होतात. त्यांत काही परदेशी, काही शाळकरी, काही उतरत्या वयाच्या. युरोपातल्या क्लबांत आणि अमेरिकेच्या महाविद्यालयांत खेळणाऱ्या मिळवल्या, तरी राष्ट्रीय दर्जाचा विचार करता येईल अशा मुली फार तर साठ-सत्तर उरतात, असा माझा अंदाज आहे. त्यांची जागांनुसार विभागणी केली की खरी अडचण दिसते. मध्यवर्ती बचावपटू चार-पाच चांगल्या मिळतात, कारण उंची आणि ताकद असलेल्या मुली तिकडे वळतात. पण डाव्या पायाची, नव्वद मिनिटे वर-खाली धावू शकणारी फुलबॅक, म्हणजे कडेची बचावपटू, एक, फार तर दोन. ती जखमी झाली किंवा तिला लाल कार्ड मिळाले, तर प्रशिक्षकापुढे दुसरी निवड नसते, तडजोड असते.

म्हणूनच या संघाची शैली तशी आहे. दाटीवाटीने बचाव, दोन ओळींतले अंतर कमी, चेंडू मिळताच लांब पास, आणि कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन यांवर बारकाईने मेहनत. सेट पीसचा, म्हणजे खेळ थांबून पुन्हा सुरू होतानाच्या अशा ठरलेल्या चालींचा, सराव हा लहान संघासाठी सर्वात स्वस्त गोल असतो: त्याला चेंडूवरची हुकमत कमी लागते, पाठांतर आणि धैर्य अधिक लागते. स्वेइन्दिस जेन योन्सदोत्तिर यांचा लांब थ्रो-इन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. सपाट आणि वेगाने आलेला असा चेंडू सहा यार्डांच्या चौकटीच्या कडेला पडतो, तेव्हा गोलरक्षकाने पुढे यावे की थांबावे, हे ठरत नाही. शिवाय थ्रो-इनवर ऑफसाइड (बचावपटूंच्या पलीकडे उभे राहून चेंडू घेण्याची मनाई) नसल्यामुळे आघाडीच्या खेळाडू थेट गोलरक्षकाच्या अंगाला अंग लावून उभ्या राहू शकतात. पहिला हेडर कुणीही जिंको, खरे लक्ष उसळून बाहेर येणाऱ्या चेंडूवर असते. युरो २०२२ मध्ये इटलीविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला नेमके हेच झाले. स्वेइन्दिस यांचा थ्रो-इन इटलीला नीट परतवता आला नाही आणि चौकटीत मोकळ्या असलेल्या कारोलिना लेआ विल्ह्यामसदोत्तिर यांनी गोल केला.

मुख्य स्पर्धेत प्रथम पोहोचण्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबर २००८ च्या सुरुवातीला आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका काही दिवसांत कोसळल्या. त्याच महिन्याच्या २६ तारखेला डब्लिनमध्ये आयर्लंडशी प्ले-ऑफचा, म्हणजे पात्रतेच्या शेवटच्या निर्णायक लढतीचा, पहिला सामना १-१ असा सुटला, आणि ३० तारखेला रेक्याविकच्या लॉयगार्दाल्सवोल्लुर मैदानावर, गोठलेल्या जमिनीवर, आइसलँडने ३-० असा विजय मिळवला. मैदान खेळण्यायोग्य नव्हते अशी आयरिश गोटाची तक्रार होती. तिच्यात तथ्य होते असे मलाही वाटते, पण घसरडी जमीन दोघांच्याही पायांखाली होती. आइसलँडचा वरिष्ठ फुटबॉल संघ एखाद्या मोठ्या स्पर्धेला पात्र ठरण्याची ती पहिलीच वेळ. पुरुषांच्या ज्या संघाने जगाची मने जिंकली, तो त्यानंतर आठ वर्षांनी, २०१६ मध्ये, युरोपात खेळला. २००९ मध्ये फिनलंडमध्ये महिलांनी तिन्ही सामने गमावले. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये मात्र नॉर्वेशी बरोबरी, आणि दाग्नी ब्रिन्यार्सदोत्तिर यांच्या गोलावर नेदरलँड्सवर १-० असा विजय. उपांत्यपूर्व फेरीत यजमानांनी ४-० असे हरवले. तीच आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

विश्वचषकाने मात्र हुलकावणीच दिली आहे, आणि तीही तीनदा अगदी उंबरठ्यावर. २००३ च्या स्पर्धेसाठी प्ले-ऑफमध्ये इंग्लंडशी घरी २-२ अशी बरोबरी आणि नंतर बाहेर १-० असा पराभव. दुसरी खेप अधिक जिव्हारी लागणारी होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये आइसलँडने जर्मनीला जर्मनीतच, वीसबाडेनला, ३-२ असे हरवले. त्यातले दोन गोल दाग्नी यांचे. गटात पहिले येण्याची शक्यता खरीखुरी होती. सप्टेंबर २०१८ च्या पहिल्याच दिवशी रेक्याविकला भरगच्च मैदानावर जर्मनीने २-० असा हिशेब चुकता केला, आणि तीन दिवसांनी चेक प्रजासत्ताकाशी १-१ बरोबरी झाली. विजय मिळाला असता तर प्ले-ऑफ मिळाला असता. शेवटच्या मिनिटांत मिळालेली पेनल्टी सारा ब्यर्क यांना सत्कारणी लावता आली नाही.

तिसरी खेप २०२२ ची, आणि माझा मुद्दा तिच्यात सर्वात स्पष्ट दिसतो. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या युरो स्पर्धेत बेल्जियम, इटली आणि फ्रान्स या तिघांशीही १-१ अशा बरोबऱ्या करून, एकही सामना न हरता, संघ बाहेर पडला होता. बेल्जियमविरुद्ध एक पेनल्टी वाया गेली होती आणि हिशेब तिथेच बिघडला. सप्टेंबरात उत्रेख्तला नेदरलँड्सविरुद्ध नुसती बरोबरी पुरेशी होती. नव्वद मिनिटे गोलरक्षक सान्द्रा सिगुर्दार्दोत्तिर यांनी एकामागून एक फटके अडवले. भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला एस्मे ब्रुख्त्स यांनी गोल केला आणि थेट प्रवेश गेला. नेदरलँड्सने राखीव बाकावरून ताज्या दमाच्या, तितक्याच तोलामोलाच्या खेळाडू उतरवल्या. आइसलँडकडे बदल करणे म्हणजे दर्जा एक पायरी खाली आणणे होते, आणि पाय शेवटच्या दहा मिनिटांत जड होतात ते यामुळेच. महिनाभराने पोर्तुगालमध्ये प्ले-ऑफ झाला. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला बचावातल्या आउस्लॉग मुन्दा यांना लाल कार्ड मिळाले, दहा जणींनी १-१ अशी बरोबरी साधून सामना जादा वेळेपर्यंत खेचला, आणि तिथे तीन गोल खाऊन तो ४-१ असा गमावला.

यात आणखी एक कारण खेळाबाहेरचे आहे आणि ते सहसा सांगितले जात नाही. २०१७ पासून युरो स्पर्धेत सोळा संघ असतात. विश्वचषकात युरोपच्या वाट्याला २०१९ मध्ये यजमान फ्रान्ससह नऊ आणि २०२३ साठी थेट अकरा जागा होत्या. युरोपात दहाव्या ते पंधराव्या क्रमांकाच्या आसपास राहणाऱ्या संघासाठी युरो हे वाजवी ध्येय ठरते आणि विश्वचषक नेमका हाताला लागत नाही. आइसलँड वर्षानुवर्षे त्याच पट्ट्यात आहे.

समानतेच्या प्रश्नात मोबदल्याचा मुद्दाही येतो. पुरुष आणि महिला राष्ट्रीय संघांना समान बोनस देण्याचा निर्णय संघटनेने २०१८ च्या सुरुवातीला जाहीर केला. त्याने निकाल बदलले असे मी म्हणणार नाही, पण तिशीच्या आसपासची खेळाडू टिकवून धरायला असा निर्णय उपयोगी पडतो, आणि ज्या देशाकडे पर्यायी खेळाडू नाहीत त्याला एकेक वर्षाचे मोल असते. सारा ब्यर्क यांचे प्रकरण याच कारणाने महत्त्वाचे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना मुलगा झाला. गरोदरपणातला पूर्ण पगार फ्रान्सच्या लियाँ क्लबने दिला नाही म्हणून त्यांनी दाद मागितली, आणि फिफाच्या न्यायाधिकरणाने त्यांना ८२ हजारांहून अधिक युरो देण्याचा आदेश दिला. त्या २०२२ च्या युरोत कर्णधार म्हणून खेळल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये १४५ सामन्यांनंतर राष्ट्रीय संघातून निवृत्त झाल्या. मधल्या फळीत त्यांच्या तोडीची खेळाडू अजून सापडलेली नाही. दरम्यान, २०२१ मध्ये पुरुष खेळाडूंविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी हाताळण्यावरून संघटनेच्या अध्यक्षांना आणि मंडळाला पायउतार व्हावे लागले, तेव्हा राष्ट्रीय महिला संघाच्या माजी खेळाडू आणि प्रशिक्षक वांदा सिगुर्गेइर्सदोत्तिर अध्यक्ष झाल्या. समानतेच्या देशातही त्या पदावर येणारी ती पहिलीच स्त्री.

अलीकडचे चित्र मिश्र आहे. जुलै २०२४ मध्ये रेक्याविकला जर्मनीचा ३-० असा पराभव करून संघाने स्वित्झर्लंडमधली युरो २०२५ गाठली. त्या दिवशी सर्व पहिल्या पसंतीच्या खेळाडू तंदुरुस्त असल्या की हा संघ काय करू शकतो, ते दिसले. स्वित्झर्लंडमध्ये दुसरी बाजू दिसली. फिनलंडविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात कर्णधार ग्लोदिस यांना पोटाच्या त्रासामुळे मध्यंतराला बाहेर जावे लागले, पुढे हिल्दुर अन्तोन्सदोत्तिर यांना लाल कार्ड मिळाले, आणि सामना १-० असा गेला. बायर्न म्युनिकचे नेतृत्व करणारी बचावपटू बाहेर गेली की तिच्या जागी येणारी खेळाडू कितीही कष्टाळू असली तरी बचावाची सगळी रेषा तीन-चार मीटर मागे सरकते, कारण पाठीमागची जागा झाकणारे कुणी उरत नाही. नंतर यजमानांकडून २-० आणि नॉर्वेकडून ४-३ असे पराभव झाले.

पुढे काय, याचे उत्तर देताना मी दोनच गोष्टींकडे बोट दाखवीन. एक, विश्वचषक २०३१ पासून ४८ संघांचा होणार आहे, आणि युरोपच्या जागा वाढल्या तर वर सांगितलेला पट्टा प्रवेशरेषेच्या आत येईल. दुसरी, देशांतर्गत लीग. उत्तम मुली विशी गाठण्याआधीच परदेशी जातात, हे त्यांच्यासाठी योग्यच आहे. पण त्यामुळे घरची लीग सोळा-सतरा वर्षांच्या मुलींवर चालते आणि विशीच्या मध्यावरची, परदेशी करार न मिळालेली, नोकरी सांभाळून खेळणारी खेळाडू कंटाळून बूट टांगते. राष्ट्रीय संघाची सोळावी ते विसावी खेळाडू नेमकी हीच असते. क्लबांनी तिला अर्धवेळ का होईना पण नियमित वेतन द्यावे, यावर खर्च करणे मला आणखी एक बंदिस्त मैदान बांधण्यापेक्षा आता अधिक निकडीचे वाटते.